डबलशेठ

डबलशेठच्या दुकानात टाईल घ्यायला जाणाऱ्यानं मन पक्कं करूनच जावं. महाडच्या बाजारपेठेत त्याचं टाईल आणि सॅनिटरीचं दुकान आहे, आणि घुटमळणारं गिऱ्हाईक त्याला दोन मिनिटांच्या वर सहन होत नाही. बिरवाडीची एखादी वहिनी बाथरूमसाठी पिस्ता आणि आकाशी यांच्यात अडकली की हा काउंटरवरून उठतो, 'वहिनी, टाईल आहे, लग्न नाही,' म्हणतो आणि पोराला हाक मारून पिस्त्याच्या पेट्या टेम्पोत चढवायला लावतो. वहिनीसुद्धा सुटल्यासारखी पैसे देते.

हाच माणूस २०११ पासून एक मोटारसायकल निवडतो आहे.

शेठ या उपाधीवरून गैरसमज नको. रायगड जिल्ह्यात शेठ व्हायला पैसा लागत नाही. समोरच्याला आपलं नाव आठवेनासं झालं की आपण शेठ होतो. 'डबल' मात्र त्यानं स्वकष्टानं मिळवलेलं आहे. त्याला गाडी हवी ती डबल सिलिंडरचीच, आणि तीही बाजारहाटाला नको, शर्यतीला हवी. हौशी रोड रेसिंग. आता रोड रेसिंग म्हणजे रस्त्यावरची शर्यत नव्हे, हे तो भेटेल त्याला आधी सांगून टाकतो. डांबरी, बंदिस्त ट्रॅकवर होते ती रोड रेसिंग. असे मोठे ट्रॅक देशात बोटांवर मोजण्याइतके. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, आणि दिल्लीच्या बाजूला बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि २०२३ मध्ये मोटोजीपी. महाडपासून यातला कुठलाही धरा, हजार किलोमीटरच्या पुढेच. शेठला हे अंतर अडचणीचं वाटत नाही. मला तर वाटतं, सोयीचंच वाटत असावं.

या दोन सिलिंडरांचं मूळ पोलादपुरात आहे. तिथे त्याच्या मामाकडे येझदी होती. मैसूरला बनणारी, किक मारायची तीच पुढे ढकलून गिअर टाकायची, ती अस्सल येझदी. तिला दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. सायलेन्सर दोन, तेव्हा इंजिनंही दोन, असा हिशेब करून शेठनं शाळेत सगळ्या वर्गाला सांगितलं होतं की मामाची गाडी डबल इंजिनची आहे. मग एका मे महिन्यात गाडी चाचांच्या गॅरेजला खोलली गेली आणि आतून पिस्टन निघाला एक. पोरगं दुसऱ्याची वाट बघत उभंच. शेवटी चाचांनी सांगितलं, 'बेटा, धूर दोन नळ्यांतून जातो, पण जळतंय एकाच ठिकाणी.' एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट काढलेले, एवढाच तो मामला. काही माणसांच्या आयुष्यात प्रेमभंग येतो, याच्या आयुष्यात येझदी आली.

खरं डबल सिलिंडर तेव्हा देशात नव्हतं असं नाही. एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून यामाहाची आरडी ३५० इथे राजदूत ३५० म्हणून काढली होती. ३४७ सीसी, टू स्ट्रोक, खरोखरीचे दोन सिलिंडर. त्याच वर्षी 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफनं ती चालवली आणि देशभरातल्या पोरांनी आपापल्या वडिलांकडे आशेनं पाहिलं. वडिलांनी आधी ॲव्हरेज विचारलं आणि विषय संपला. गाडी पळण्यात जबरदस्त आणि थांबण्याच्या बाबतीत उदासीन. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, इथे आला ड्रम. शेठच्या हातात चार पैसे येईपर्यंत ती बंद होऊन जमाना झाला होता. जुनी एखादी सापडते, पण तिला घेणारे तिचा देव्हारा करून ठेवतात आणि देव कुणी शर्यतीत पळवत नाही.

२०११ साली कावासाकीची निन्जा ६५० भारतात आली आणि शेठनं पहिली वही घातली. त्याच वर्षी मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं. तेव्हापासून शेठ आणि महामार्ग यांची शर्यत लागलेली आहे. दोघंही अधूनमधून 'या डिसेंबरपर्यंत' असं सांगतात. मध्यंतरी महामार्गानं थोडी आघाडी घेतली, कारण कशेडीला जुळा बोगदा झाला. आमच्या भागात डबल सिलिंडर पहिल्यांदा आलं ते असं डोंगरात. आणि त्यातलीही आधी एकच नळी सुरू झाली, बरेच दिवस सिंगलवरच भागवलं.

त्या वहीत रकाने आहेत. सीसी, ताकद, वजन, सीटची उंची, चेन-स्प्रॉकेट, पडल्यावर काय काय तुटेल आणि ते कुठे मिळेल. रकाने बुद्धीनं पाडलेले आहेत, हे कबूल केलं पाहिजे. शर्यतीची गाडी निवडताना नवखा माणूस ताकदीचा आकडा बघतो आणि जाणता माणूस लिव्हरची किंमत विचारतो, कारण पहिल्या वर्षात तो आकडा पुरता वापरला जाणार नसतो, लिव्हर मात्र तुटणार असतो. शेठ जाणता आहे. फक्त तो अजून एकदाही पडलेला नाही. पडायला आधी गाडीवर बसावं लागतं.

२०१३ मध्ये निन्जा ३०० आली. २९६ सीसी, दोन सिलिंडर, ३९ पीएस, आणि जोडणी आपल्या चाकणला. आम्हाला वाटलं, झालं. शेठ पुण्याला जाऊन बसून आला. परत आल्यावर म्हणाला, 'गाडी वरच्या आरपीएमला गाते, खाली गप्प असते. ट्रॅकला बरोबर, पण ट्रॅकपर्यंत जायचं कसं?' मी म्हटलं, टेम्पोतून न्या. तर म्हणाला, 'मास्तर, टेम्पोतून टाईल नेतात.'

नोव्हेंबर २०१८ त्याच्यासाठी अवघड गेला. १४ तारखेला रॉयल एनफिल्डनं इंटरसेप्टर आणि काँटिनेंटल जीटी या ६४८ सीसीच्या दोन डबल सिलिंडर गाड्या भारतात आणल्या, इंटरसेप्टर तर एक्स-शोरूम अडीच लाखांपासून. इतक्या स्वस्तात इतकं मोठं डबल देशात कुणी दिलं नव्हतं. शेठनं दुकानात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आणि १५ तारखेला जावा परत आली. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आत सिलिंडर एक. शेठ फोटो बघत बराच वेळ बसला होता. 'चाळीस वर्षांत यांनी काही शिकू नये?' एवढंच म्हणाला. त्या धक्क्यातून सावरून जीटीकडे वळेपर्यंत बुकिंगची रांग लांब गेली, आणि रांगेत असताना वजनाचा विचार त्याच्या मनात शिरला. भरल्या टाकीनिशी दोनशे किलोच्या वर जाणारी गाडी, ताकद ४७ पीएस. 'एवढ्याला एवढं?' हे वाक्य त्यानं कोविड येईपर्यंत पुरवलं.

क्रँकचा विषय तर त्याच्यासमोर काढूच नये. समांतर डबल सिलिंडरमध्ये क्रँकचा कोन ३६० अंशांचा ठेवला तर दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होतात आणि ठोके सारख्या अंतरानं पडतात. जुन्या विलायती गाड्या अशा. १८० ठेवला तर एक वर तेव्हा दुसरा खाली, इंजिन वर चढायला हलकं, पण ठोके लागोपाठ दोन आणि मग लांब विश्रांती, निन्जा अशी. आणि २७० ठेवला तर ठोका लंगडतो, पण मागच्या चाकाची पकड रायडरला नीट कळते असं जाणकार म्हणतात. एनफिल्डचा ६५० असा. हे सगळं शेठ तोंडी सांगत नाही, वाजवून दाखवतो. हातात असेल त्या टाईलवर. ठक, ठक, ठक, ठक, हे तीनशेसाठ. ठकठक… … ठकठक, हे एकशेऐंशी. एकदा तो दोनशेसत्तरवर आला असताना शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक कान देऊन ऐकत होतं. टाईल वाजवतात ती पोकळ आहे का बघायला, हे कोकणात शेंबड्या पोराला ठाऊक. गिऱ्हाईक म्हणालं, 'शेठ, ही बद्द वाजतेय. दुसरी दाखवा.' चांगली व्हिट्रिफाईड टाईल, त्या दिवशी चौदा पेट्यांचं गिऱ्हाईक गेलं.

घरी वहिनींनी हा प्रश्न सुरुवातीलाच निकालात काढला होता. 'दोन सिलिंडर ना? नंबर लावा, येतील,' म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांनी या विषयावर तोंड उघडलेलं नाही.

गाडी नसली तरी बाकी सगळं आहे. हेल्मेट आहे. हातमोजे आहेत. पाठीचा गार्ड आहे. घोट्याच्या वर येणारे बूट आहेत. आणि एक अखंड चामड्याचा रेसिंग सूट आहे, तो डांबरगोळ्या घालून लग्नातल्या शालूच्या शेजारी टांगलेला असतो. कोकणच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. म्हणून दर श्रावणात शेठ सूट गच्चीवर वाळत घालतो, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटतं, वर कुणीतरी दोन्ही हात पसरून पडलंय. शेजारच्या आजी एकदा घाबरून ओरडल्या होत्या.

अंगात घातलेला तो सूट मी पाहिलाय, रविवारी सकाळी, आंबेनळी घाटात. पोलादपूर सोडून कापड्याच्या पुढे वळणं सुरू झाली की शेठ त्याच्या ९७ सीसीच्या स्प्लेंडरवर 'बॉडी पोझिशन' करतो. वळणाच्या आतल्या बाजूला कुल्ला सीटवरून अर्धा उतरवायचा, गुडघा बाहेर काढायचा, हनुवटी हँडलकडे न्यायची. वेग ताशी पस्तीस. मी मागे. 'मास्तर, तुम्हीपण झुका, गाडीचा तोल जातो.' आम्ही दोघं असे दरीकडे गुडघे काढून चाललेले असताना महाबळेश्वरची एसटी हॉर्न देत पुढे निघून गेली, आणि कंडक्टरनं मागच्या खिडकीतून वाकून आमच्याकडे जी नजर टाकली ती मी अजून विसरलेलो नाही. पुढच्या वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली म्हातारी उभी होती. तिनं मोळीसकट मान वळवली. 'पाय आखडला काय रं बाबा? उतर, चोळून दे मागच्याला.'

वजन कमी करायचं म्हणून त्यानं स्प्लेंडरचे आरसेही काढले होते. शर्यतीच्या गाडीचे आरसे, दिवे, स्टँड काढतात हे खरंच आहे. तेलाचा बोल्ट सुटून ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून बोल्टला भोक पाडून तारेनं बांधतात, रेडिएटरमध्ये कूलंट न घालता साधं पाणी भरतात, कारण कूलंट सांडलं की मागचे सगळे आडवे. शेठनं स्प्लेंडरचा तेलाचा बोल्टही तारेनं बांधलाय. आरसे मात्र नाक्यावरच्या हवालदारानं पावती फाडून परत लावायला लावले.

एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगितली पाहिजे. घाटात त्यानं कधी वेग केला नाही, आणि करणाऱ्याला सोडलंही नाही. रविवारी पुण्या-मुंबईची पोरं भारी भारी गाड्या घेऊन आंबेनळीत नि वरंध्यात टायमिंग लावायला येतात. शेठ चहाच्या टपरीवर त्यांना गाठतो. आधी त्यांच्या गाडीची इतकी मनापासून तारीफ करतो की पोरं फुलतात, आणि मग मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम ऐकवतो, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला तुरुंगात पाठवणारं. 'खाली दरी आहे, दादा, ग्रॅव्हल ट्रॅप नाही,' म्हणतो. आमच्या घाटांनी काय काय गिळलंय हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पुराबद्दलही महाडात थट्टा करत नाहीत. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी भरलं, तळिये गाव दरडीखाली त्याच दिवशी गेलं. शेठच्या दुकानात टाईल वाचल्या, बाकी काही वाचलं नाही. नंतर कित्येक आठवडे गॅरेजांपुढे चिखल भरलेल्या गाड्यांच्या रांगा होत्या आणि शेठ दुकान धुऊन झालं की संध्याकाळी चाचांच्या मुलाला पाने द्यायला जाऊन बसायचा. ज्यांनी गडबडीत स्टार्टर मारला होता त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले होते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या महिन्यात शेठनं इतकी इंजिनं उघडी पाहिली की मला वाटलं, याची हौस तरी फिटेल किंवा निर्णय तरी होईल. वहीत नवा रकाना तेवढा आला: 'पूर'. डबल सिलिंडरला रॉड दोन, म्हणजे नुकसान दोनदा. तेव्हा गाडी पहिल्या मजल्यावर चढवता येईल इतपत हलकी हवी. माझ्या माहितीत जगातल्या कुठल्याही रेसरनं जिन्याची रुंदी मोजून गाडी निवडलेली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये एप्रिलियाची आरएस ४५७ आली. ही बनते बारामतीला. ४५७ सीसी, दोन सिलिंडर, दोनशेसत्तरचा क्रँक, ताकद परत तीच ४७ च्या घरातली. यात कंपन्यांची मिलीभगत नाही. युरोपात मधल्या लायसन्सला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे, म्हणून ६४८ सीसीवाला आणि ४५७ सीसीवाला दोघंही तिथेच येऊन थांबतात. फरक वजनात. ही १७५ किलो, म्हणजे जीटीच्या मानानं आठवीतलं पोर मागून उतरवल्यासारखं. किंमत तेव्हा ४ लाख १० हजार. सगळे रकाने भरले, अगदी जिनासुद्धा. मी म्हटलं, शेठ, आता? त्यानं वही मिटली, चष्मा काढला. 'बारामतीची आहे, मास्तर. कुठल्या वळणावर कुठे वळेल, आधी कळत नाही.'

आणि तरी महाड-पोलादपूर पट्ट्यात कुणाला गाडी घ्यायची असली की तो आधी शेठकडे येतो. मागे एमआयडीसीतला एक पोरगा आला. ट्रॅकवर चालवायचं म्हणाला. शेठनं त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही. 'आरसी ३९० घे. जुनी घे, पडणारच आहेस. उरलेल्या पैशात सूट घे आणि टायर घे. जा.' ३७३ सीसी, सिलिंडर एक, ताकद निन्जा ३०० पेक्षा जास्त, स्पेअर कुठेही मिळतो. इतका शहाणा सल्ला पुण्याच्या शोरूममध्येही मिळाला नसता. पोरगा गेला. मी विचारलं, 'मग तुम्हीच सिंगल का घेत नाही?'

'तो चालवायला घेतोय, मास्तर,' शेठ म्हणाला.

त्याचं डबल सिलिंडरचं पुराण ऐकायचं असेल तर १९०७ पासून सुरुवात होते. आईल ऑफ मॅन बेटावर पहिली टीटी शर्यत झाली, तिच्यात सिंगलचा गट वेगळा आणि डबलचा वेगळा होता. डबलचा गट जिंकला रेम फाउलर नावाच्या माणसानं, नॉर्टनवर. पण इंजिन नॉर्टनचं नव्हतं, प्यूजोचं होतं. 'बघा, त्यानं इंजिनसुद्धा निवडून घेतलं!' हे सांगताना शेठच्या डोळ्यांत पाणी येतं. सरासरी वेग ताशी ३६ मैल, म्हणजे ५८ किलोमीटर, कच्च्या रस्त्यावर. महाडहून मुंबईला गाडीनं जाणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा आणि मन शांत ठेवावं.

गेल्या पावसाळ्यात मला वाटलं की याचा तिढा आपण सोडवला. रॉयल एनफिल्ड २०२१ पासून काँटिनेंटल जीटीची शर्यत भरवते, जेके टायरबरोबर. सगळ्यांना एकसारखी, शर्यतीसाठी तयार केलेली जीटी-आर ६५० दिली जाते. गाडी कंपनीचीच. पुढे त्यात व्यावसायिक आणि हौशी असे गटही झाले. आपण जायचं, चाचणी द्यायची, निवड झाली तर डबल सिलिंडरवर बसायचं आणि शर्यत लावायची. वही नको, बुकिंग नको, पेणच्या आरटीओत पासिंग नको. मी हे दुकानात जाऊन मोठ्या उत्साहानं सांगितलं.

शेठ ऐकत होता. मग हळूच म्हणाला, 'म्हणजे गाडी निवडायची नाही?'

'नाही. सगळ्या सारख्या.'

'आणि निवड कुणाची?'

'तुमची. म्हणजे… ते तुम्हाला निवडणार.'

'मला?' शेठ उभा राहिला. 'दोन फेऱ्या बघून? कुठल्या रकान्यावर? वय बघणार? वजन बघणार? माणूस असा दोन मिनिटांत निवडतात?'

मी म्हटलं, शेठ, तुमचंच वजन आहे, काय ते त्यांना बघू द्या, झाली निवड तर झाली. तो परत बसला. बराच वेळ कॅल्क्युलेटरच्या बटणांशी खेळत राहिला. मग आवाज खाली आणून, आत वहिनींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, 'आणि समजा, निवडलं. मग जावं लागेल ना हो?'

'लागेल.'

'कधी असते?'

'पावसाळ्यापासून पुढे.'

हे ऐकल्यावर त्याचा चेहरा जो खुलला तो मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. 'मग कसं जमायचं, मास्तर? गणपतीच्या आधी सगळा कोकण फरशी बदलतो. मुंबईचे चाकरमानी फोनवर फोन. टाईलवाल्यानं जुलै-ऑगस्टात कोइमतूरला जायचं? वेड लागलंय का?' त्यानं भिंतीवरचं कालनिर्णय काढून पानं चाळायला घेतली. 'अधिक महिना आला की गणपती सप्टेंबरच्या मध्यावर जातात. तेव्हा जुलै जरा मोकळा असतो. त्या वर्षी बघू.'

पोराला हाक मारून त्यानं चहा सांगितला, आणि दारात बराच वेळ दोन नमुने हातात धरून उभ्या असलेल्या बाईला म्हणाला, 'ताई, डावीकडची.'